ऱ्हाईनच्या दोन्ही काठांनी

बाझल शहराच्या ज्या स्थानकावर मी उतरलो ते स्वित्झर्लंडच्या भूमीवर उभे आहे, पण त्याचा कारभार चालतो जर्मन रेल्वेच्या अमलाखाली. बाडेनचे तत्कालीन राज्य आणि स्विस संघराज्य यांच्यामध्ये १८५२ साली जो तहनामा झाला त्याच्या आधारे ही व्यवस्था सुरू झाली. आजची दगडी इमारत १९१३ मधली आहे. फलाटावर जर्मन उद्घोषणा ऐकत प्रवासी जिना उतरतो, जकातीची चौकी ओलांडतो आणि मग स्वित्झर्लंडमध्ये दाखल होतो. शहराच्या दुसऱ्या अंगाला जे मुख्य स्विस स्थानक आहे त्याच्याही एका बाजूस फ्रेंच रेल्वेचे स्वतंत्र फलाट आहेत. ज्या बाडेनने सही केली ते राज्य नकाशावरून नाहीसे झाले, युरोपची दोन महायुद्धे या नदीच्या काठाकाठाने लढली गेली, सत्ता आणि निशाणे कितीदा तरी बदलली. तरीही त्या जुन्या तहनाम्याने घालून दिलेली वहिवाट मोडली नाही, हे त्या स्थानकाच्या थंडगार दालनात उभे असताना मला फार मोलाचे वाटले.

ऱ्हाईन नदी बाझलमध्ये एकदम उत्तरेकडे वळते आणि तिच्या या वळणापाशी स्वित्झर्लंड, फ्रान्स व जर्मनी यांच्या सरहद्दी एकमेकींना भिडतात. शहरातले पूल रुंद आणि सोयीचे आहेत, परंतु बाझलकरांनी आपल्या चार जुन्या नावा अजून मोडीत काढलेल्या नाहीत. लाल दगडाच्या कॅथीड्रलखालच्या पायऱ्या उतरून मी त्यांतल्या एकीत बसलो. नावेला इंजिन नाही, वल्हे नाही, शीड नाही. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत एक पोलादी तार ताणलेली असते. नावेचा दोर त्या तारेवरच्या चाकाला अडकवलेला असतो. नावाडी सुकाणू थोडे तिरके करतो, वाहत्या पाण्याचा जोर नावेच्या बाजूवर बसतो आणि नाव आपोआप पलीकडे सरकू लागते. लहानपणी नृसिंहवाडीला कृष्णा ओलांडताना नावाडी बांबू रोवून प्रवाहाशी झगडत असे, ते दृश्य माझ्या डोळ्यांत भरलेले असल्यामुळे, प्रवाहालाच कामाला लावणारी ही युक्ती मी पुनःपुन्हा निरखून पाहिली. फळीवर समोरासमोर बसलेले उतारू एकमेकांना अभिवादन करीत होते आणि मग बहुतेक गप्प राहत होते. आपल्याकडे नावेत बसताक्षणी गाव, आडनाव आणि नातेगोते निघते, तसे तिथे काही निघाले नाही. नावाडीदादांनी मात्र मी विचारल्यावर मोकळेपणाने सांगितले, की बायको पलीकडच्या फ्रेंच अल्सासमधली, थोरली मुलगी जर्मन हद्दीत घर करून राहते आणि रोज सकाळी कामाला बाझलमध्येच येते. त्यांना यात सांगण्यासारखे विशेष काही आहे असे वाटतच नव्हते.

अशी रोज सरहद्द ओलांडून बाझलच्या कामावर येणारी माणसे तीस हजारांहून अधिक आहेत. नदीकाठी रोश कंपनीचे दोन शुभ्र मनोरे दिसतात, त्यांतला उंच मनोरा २०५ मीटरचा. सीबा-गायगी आणि सँडोझ यांच्या विलीनीकरणातून १९९६ साली झालेली नोव्हार्टिस ही दुसरी बलाढ्य औषध कंपनी इथलीच. या कारखान्यांना आणि इस्पितळांना लागणारी माणसे एकट्या स्विस मुलखात मिळणे शक्य नाही, आणि स्विस पगार दोन्ही शेजाऱ्यांच्या पगारांपेक्षा इतके चढे आहेत की, माणसांनाही घराजवळचे काम धरवत नाही. यात ज्याची हानी व्हायची ती होतेच. अल्सासमधल्या परिचारिका-विद्यालयाने सरकारी खर्चाने घडवलेली मुलगी बाझलच्या इस्पितळात जाते आणि तिच्या गावच्या इस्पितळात जागा रिकामी राहते. हा व्यवहार न्याय्य आहे असे मला म्हणवत नाही. परंतु ही ओढाताण उघड्यावर आणून तिच्यावर सतत मसलत करीत राहण्याची सवय या लोकांनी फार लवकर लावून घेतली. बाझलच्या काही नागरिकांनी १९६३ साली 'रेगिओ बाझिलिएन्सिस' नावाची संस्था काढली ती याच हेतूने: तीन देशांत विभागलेला हा मुलूख एकच समजून त्याच्या रस्त्यांचा, पाण्याचा आणि रोजगाराचा विचार व्हावा. राजधान्या इथून दूर; पॅरिसला किंवा त्या काळच्या बॉनला या कोपऱ्याचे रोजचे प्रश्न कळावेत तरी कसे? ते ज्यांना भोगावे लागत होते त्यांनीच पुढाकार घेतला.

आठ क्रमांकाची ट्राम बाझलहून जर्मनीतल्या वाइल गावापर्यंत जाते. २०१४ पासून ती अशी सरहद्द ओलांडते. शनिवारी सकाळी मी तिच्यात चढलो तेव्हा निम्म्या उतारूंच्या हाती चाकांच्या रिकाम्या पिशव्या होत्या. जर्मनीत मांस, दूध, साबण, लहान मुलांची लंगोटपट्टी, सारेच स्विस दुकानांहून स्वस्त. शिवाय माल देशाबाहेर नेणाऱ्यास जर्मन सरकार विक्रीकर परत करते. वाइलच्या मोठ्या दुकानांत पैसे देऊन झाले की गिऱ्हाईक हिरव्या कागदाची पावती मागून घेते, सरहद्दीवरच्या जकात अधिकाऱ्याकडून तिच्यावर शिक्का मारून घेते आणि पुढच्या खेपेस तोच कागद दुकानात देऊन कराची रक्कम वसूल करते. चौकीच्या खिडकीपुढे भली मोठी रांग होती. एक वृद्ध बाई आपल्या सात-आठ पावत्या रकमेच्या क्रमाने लावून, कोपरे जुळवून, हातात धरून उभ्या होत्या. अधिकाऱ्यानेही त्या एकेक सरळ करून त्यांवर शिक्के मारले, मान लववली आणि त्यांना दिवस शुभ चिंतला. रांगेत कुणी पुढे घुसत नव्हते, कुणी कपाळाला आठी घालत नव्हते. पन्नास युरोंच्या आतल्या खरेदीवर कर परत मिळत नाही, असा नियम जर्मनीने २०२० मध्ये केला, तो या रांगा आवरण्यासाठीही. आणि २०२५ पासून स्वित्झर्लंडने करमुक्त आणता येणाऱ्या मालाची मर्यादा तीनशे फ्रँकांवरून दीडशेवर आणली, ती आपल्या दुकानदारांच्या रक्षणासाठी. म्हणजे ट्राम दोघांनी मिळून बांधावी आणि तिच्यातून जाणाऱ्या पिशव्यांवरून दोघांनी झुंजावे, असा हा मामला आहे. बाझलमधला एक पुस्तकविक्रेता मला कळकळीने म्हणाला, की त्या ट्रामने आपली गिऱ्हाइके पलीकडे नेली. पण ती ट्राम बंद करा, असे काही तो म्हणाला नाही, कारण त्याच्या दुकानातली मुलगी त्याच ट्रामने कामाला येत होती.

वाइलहून नदीपलीकडच्या उनँग या फ्रेंच गावी जाणारा पूल २००७ मध्ये झाला आणि तो केवळ पादचाऱ्यांसाठी व सायकलींसाठी आहे. एका कमानीने ऱ्हाईनवर झेपावलेल्या त्या पुलावर उभे राहिले की एका नजरेत तीन देश येतात. उनँगचा इतिहास मात्र तोफांचा. चौदाव्या लुईच्या आज्ञेवरून व्होबान या दुर्गरचनाकाराने इथे किल्ला बांधला आणि त्याच्या तोफांचा धाक बाझलला पिढ्यानपिढ्या वाटत राहिला. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ च्या पॅरिस तहात तो किल्ला जमीनदोस्त करण्याचे कलमच घालावे लागले. आता त्याच मुलखाच्या मागे, निखळ फ्रेंच भूमीवर, बाझल आणि म्युलूझ या दोन शहरांचा सामायिक विमानतळ आहे. जमीन फ्रान्सने दिली, बांधकामाचा पैसा बाझलने घातला आणि १९४९ च्या करारानुसार दोन्ही देश मिळून तो चालवतात. बाझलहून तिथवर जाणारा जकातीचा रस्ता दोन्ही अंगांनी कुंपण घातलेला असून, त्यावरून जाणारा माणूस फ्रान्समधून जातो तरी जकातीच्या हिशेबी स्वित्झर्लंड सोडत नाही. कर कुणाचा, कामगार-कायदा कुणाचा, यावरून त्या आवारात वर्षानुवर्षे वाद झाले आणि करांचा वाद २०१७ च्या करारापर्यंत रेंगाळला. परंतु या अवधीत विमाने उडायची थांबली नाहीत, याचे श्रेय मी त्या कंटाळवाण्या बैठकांना बसलेल्या अनाम अधिकाऱ्यांना देतो.

उत्तरेकडे निघाले की डावीकडे व्होझ पर्वताची आणि उजवीकडे काळ्या अरण्याची निळी रांग सतत सोबत करते, मध्ये सपाट, सुपीक खोरे, द्राक्षांचे मळे, मक्याची शेते. अर्ध्या वाटेवर ब्रायझाख लागते. हे टेकडीवरचे जर्मन गाव १६९७ च्या तहात लुईला सोडून द्यावे लागले, तेव्हा त्याने नदीच्या आपल्या काठावर व्होबानकडून नवे अष्टकोनी दुर्गनगर वसवून घेतले आणि त्याला नावही 'नवे ब्रिझाक' असेच दिले. मी आधी त्या फ्रेंच गावाच्या तटावरून फिरलो, मग पूल ओलांडून जर्मन गावात गेलो. दिवस वसंताचे होते, आणि वसंतात या काठी दुसरा विषयच नसतो: पांढरा शतावर. बाडेनमध्ये हे कोंब मातीचे उंच वरंबे करून उजेड न लागू देता वाढवतात, म्हणून ते हस्तिदंतासारखे शुभ्र राहतात. २४ जूनला, संत योहानाच्या दिवशी, कापणी थांबते, कारण त्यानंतर रोपाला पुढच्या वर्षासाठी बळ धरू द्यायचे असते. रस्त्याकडेच्या टपरीत बसलेल्या बाईंनी जाडीप्रमाणे चार प्रती लावून ठेवल्या होत्या आणि सवड मिळेल तशा त्या कोंबांची साल वरून खाली, डोक्याकडून बुडाकडे, एका ओढीत काढीत होत्या. त्यांची निम्मी गिऱ्हाइके अल्सासमधून येत. "अल्सासमध्येही शतावर पिकतो की," मी म्हणालो. "पिकतो, आणि चांगलाही असतो," त्या चाकू न थांबवता म्हणाल्या, "म्हणून तर मला माझा रोज पहाटे कापून आणावा लागतो." खानावळीत तो लोण्याबरोबर, उकडलेल्या बटाट्यांबरोबर आणि अंड्याच्या फाडलेल्या धिरड्यांबरोबर वाढतात; इतका साधा पदार्थ इतक्या आदराने खाल्लेला मी क्वचितच पाहिला आहे.

ब्रायझाखबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने हे गाव जवळजवळ सगळे उद्ध्वस्त झाले. आणि १९५० च्या जुलैमध्ये, अर्धी घरे अजून ढिगाऱ्यात असताना, एकसंध युरोप असावा की नसावा यावर तिथल्या रहिवाशांनी मतदान केले. पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक मते होकाराची पडली. ज्यांच्या छपरांवर पलीकडून गोळे पडले होते त्यांनी पलीकडच्यांशी एक व्हायची कबुली दिली, हे वाचताना माझा ऊर भरून आला. तरीही तेवढ्या कबुलीने सारे झाले असे समजू नये. फ्रायबुर्गहून ब्रायझाखमार्गे कोलमारला जाणारा रेल्वेपूल त्या युद्धात उडवला गेला तो आजतागायत परत बांधलेला नाही. जर्मनीकडून येणारी गाडी ब्रायझाखला थांबते आणि परत फिरते. फ्रान्स आणि जर्मनी यांच्या २०१९ च्या आखन तहनाम्यात या लोहमार्गाचे पुनरुज्जीवन अगत्याच्या कामांत नमूद झाले आहे. स्थानकावरच्या शेवटच्या रुळांपर्यंत मी चालत गेलो. तिथून फ्रान्स दोन-तीन किलोमीटरही नाही.

या खोऱ्याला खरे एकत्र आणले ते पाण्याने आणि भयाने, असे मला तिथल्या लोकांशी बोलताना वाटू लागले. १९७४ मध्ये फ्रेंच काठावरच्या मार्कोल्सहाइम इथे शिशाचा कारखाना येऊ घातला होता. आणि पुढच्याच वर्षी जर्मन काठावरच्या व्यूल गावी अणुविद्युत केंद्र. दोन्ही जागांवर दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांनी, द्राक्ष-बागाईतदारांनी, त्यांच्या घरच्या बायकांनी ठाण मांडले. अल्सासची बोली, बाडेनची बोली आणि बाझलची बोली एकाच अलेमानिक कुळातल्या असल्यामुळे सभांना दुभाष्या लागला नाही. दोन्ही प्रकल्प मागे घ्यावे लागले. अल्सासमधल्या फेसनहाइमचे केंद्र मात्र उभे राहिले आणि २०२० मध्ये त्याची दुसरी भट्टी विझेपर्यंत चालले. ते बंद व्हावे म्हणून जर्मन काठ वर्षानुवर्षे आग्रह धरीत होता, आणि फेसनहाइमच्या गावकऱ्यांना त्याच्यावर पोट आणि गावाचे उत्पन्न, दोन्ही अवलंबून असल्याने तो आग्रह जिव्हारी लागे. तिथल्या लोकांचे म्हणणे मला टाकाऊ वाटत नाही. शेजाऱ्याच्या सुरक्षिततेची किंमत ज्याला रोजगाराने मोजावी लागते त्याचे दुःख खरे असते.

आणि १ नोव्हेंबर १९८६. बाझलच्या वरच्या अंगाला श्वाइत्सरहाले इथल्या सँडोझच्या कोठाराला आग लागली. ती विझवताना वापरलेल्या पाण्याबरोबर कित्येक टन कीटकनाशके नदीत गेली, ऱ्हाईन लाल झाली आणि वाम जातीचे मासे शेकडो किलोमीटरपर्यंत मरून तरंगू लागले. खालच्या देशांना खबर वेळेवर मिळाली नाही, याचा संताप फार मोठा होता. ऱ्हाईनच्या संरक्षणासाठी काठच्या देशांचा एक आयोग १९५० पासून होता, पण त्याला धार आली ती या आपत्तीने. १९८७ मध्ये सामायिक कृतियोजना ठरली, नदी हळूहळू निवळली आणि तिच्यातून नाहीसा झालेला सामन मासा परत येऊ लागला. कृष्णा-पंचगंगेच्या पुरात गळ्यापर्यंत बुडालेले कोल्हापूर-सांगलीचे लोक आलमट्टी धरणाच्या विसर्गाची चर्चा किती पोटतिडकीने करतात, हे ऐकत मी वाढलो आहे. त्यामुळे वरच्या आणि खालच्या काठांनी एकमेकांना वेळेवर काय कळवायचे, याचे लेखी नियम असणे म्हणजे काय, हे मला निराळे समजावून घ्यावे लागले नाही.

स्ट्रासबर्ग हे शहर १६८१ मध्ये फ्रान्सकडे गेले, १८७१ मध्ये जर्मनीकडे, १९१८ मध्ये पुन्हा फ्रान्सकडे, १९४० मध्ये जर्मनीकडे आणि १९४४ मध्ये परत फ्रान्सकडे. एका आयुष्यात चार वेळा राष्ट्रीयत्व बदललेले आजोबा इथल्या पुष्कळ घरांत होऊन गेले. प्रत्येक राजवटीने आपला थर मागे ठेवला आणि पुढच्या राजवटीने तो सगळाच खरवडून काढला नाही: अल्सासमध्ये गुड फ्रायडेला सुटी असते, उर्वरित फ्रान्समध्ये नसते, धर्मगुरूंना सरकारी वेतन मिळते, आरोग्यविम्याची जर्मन काळातली व्यवस्था अजून चालते, रेल्वेगाड्यासुद्धा उर्वरित फ्रान्सप्रमाणे डाव्या रुळावरून न जाता उजव्या रुळावरून जातात. पोर्तुगिजांची सत्ता जाऊनही गोव्यात त्यांचा १८६७ चा नागरी कायदा काही अंशी टिकला आहे, त्याची इथे आठवण होते. जेवणाच्या टेबलावरही हेच. फ्लामकुख म्हणजे लाटून पातळ केलेल्या पिठाच्या पोळीवर मलई, ताजे चीज, कांदा आणि डुकराच्या मांसाचे तुकडे घालून भट्टीत भाजलेला पदार्थ; तो नदीच्या दोन्ही काठी मिळतो आणि दोन्ही काठ तो आपलाच म्हणतात.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. युद्धानंतर शाळेत बोलीतला शब्द तोंडातून गेला की शिक्षा होत असे, हे त्यांनी आईकडून ऐकले होते. त्यांना स्वतःला बोली समजते, त्यांच्या मुलांना ती अर्धवट येते, नातवंडांना येत नाही. "पूर्वी माझ्या भावाला नदीपलीकडच्या केल गावच्या कारखान्यात काम मिळाले ते त्याच्या बोलीवर," त्या म्हणाल्या, "आज केलमध्ये शिकाऊ मुलांच्या जागा रिकाम्या आहेत आणि आमच्या वस्तीतली पोरे बेकार बसली आहेत, मध्ये फक्त नदी आहे आणि जर्मन भाषा." त्या आठवड्यातून दोनदा पुलाजवळच्या वस्तीत मुलांना विनामूल्य जर्मन शिकवायला जातात. या साऱ्या मुलखात स्पर्धेने केलेले सर्वांत मोठे नुकसान मला हेच वाटले. दोन राष्ट्रांनी शाळाशाळांतून आपापली भाषा अजिंक्य करण्याच्या ईर्ष्येने जी गोष्ट दोघांची होती तीच गमावली, आणि आता तिच्या जागी वर्ग काढावे लागत आहेत.

स्ट्रासबर्गहून केलला जाणारी ट्राम २०१७ मध्ये सुरू झाली. ज्या पुलावरून ती जाते त्याला बेआतुस ऱ्हेनानुस या जुन्या अल्साशियन विद्वानाचे नाव आहे. पहिल्या महायुद्धापूर्वीही अशी ट्राम होती. दुसऱ्या महायुद्धानंतर केल फ्रेंचांच्या ताब्यात होते आणि तिथल्या जर्मन रहिवाशांना १९५३ पर्यंत थोडेथोडे करून परत येऊ दिले गेले, ही आठवण असलेली माणसे अजून हयात आहेत. स्ट्रासबर्गच्या काठावर आज दोन्ही गावांच्या मुलांसाठी एकच शिशुगृह आहे, निम्मी मुले इकडची, निम्मी तिकडची. नदीवर अग्निशमन नौका सामायिक आहे, नदीचे पोलीसही एकत्र गस्त घालतात. ट्राममधून उतरताच मात्र तंबाखूची दुकाने सुरू होतात. फ्रान्समध्ये सिगारेटवर कर जबर असल्याने स्ट्रासबर्गकर इथे येतात, आणि त्याच पिशवीतून साबण, पावडरी, चष्म्याचे द्रव असे सारे नेतात. उलट केलचे लोक पाव, चीज आणि मासळी आणायला पलीकडे जातात.

असल्याच एका दुकानाच्या मालकांशी बोलत मी बराच वेळ उभा राहिलो. १६ मार्च २०२०, त्यांनी तारीख लगेच सांगितली. महामारी अल्सासमध्ये, म्युलूझच्या बाजूला, फार लवकर आणि फार भीषण पसरली आणि जर्मनीने सरहद्द बंद केली. पुलावर पोलीस बसले, ट्राम फ्रेंच काठावरच्या शेवटच्या थांब्यावरून मागे फिरू लागली. जर्मन हद्दीत कामाला येणाऱ्या अल्सासच्या माणसांना रस्त्यात अपशब्द ऐकावे लागले, आणि जर्मन परराष्ट्रमंत्र्यांना त्याबद्दल माफी मागावी लागली. त्याच आठवड्यांत फ्रायबुर्गच्या आणि बाझलच्या इस्पितळांनी आपल्या खाटा अल्सासच्या अत्यवस्थ रुग्णांसाठी मोकळ्या केल्या. "दोन्ही एकाच वेळी झाले," ते म्हणाले, "मी कुणाला एक खरे आणि दुसरे खोटे असे सांगत नाही." त्यांची गिऱ्हाइके गेली होती, पण त्यांना जास्त लागला तो पलीकडे राहणाऱ्या मेहुणीच्या दफनविधीला जाता आले नाही हा सल.

मग त्यांनी विचारले, तुमच्या गावाजवळ अशी सरहद्द आहे का? मी त्यांना कागल आणि निपाणीची गोष्ट सांगितली: १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्ये पडलेली रेघ, दोन्ही अंगांना मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारी माणसे, दोन्हीकडे दिलेल्या-आणलेल्या मुली, स्वस्त पेट्रोलसाठी पलीकडे जाणाऱ्या गाड्या, आणि वाद पेटला की पहिल्या दिवशी बंद पडणारी एस.टी. ते लक्ष देऊन ऐकत होते. तुमच्या दोन्ही गावांच्या नगरपालिकांची बैठक वर्षातून किती वेळा होते, असे त्यांनी सहज, अगदी व्यवहाराचा प्रश्न म्हणून विचारले. इथे २००५ पासून स्ट्रासबर्ग आणि ओर्टेनाऊ यांचा मिळून एक 'युरोजिल्हा' आहे आणि त्याच्या सभेत दोन्ही काठांचे प्रतिनिधी बसतात, त्यामुळे तो प्रश्न त्यांना पडणे स्वाभाविकच होते. अशी बैठक होत असल्याचे माझ्या ऐकिवात नाही, असे मी त्यांना सांगितले. आणि परतीच्या ट्राममध्ये बसल्यावर वहीत त्या युरोजिल्ह्याच्या दप्तराचा पत्ता टिपून ठेवला, कारण सभेत कोणते विषय घेतात, खर्च कोण करतो आणि ठराव कुणावर बंधनकारक असतो, हे मला त्या दप्तराला विचारायचे आहे.